बोलायला न घाबरणारं मूल : लहान मुलांना भाषा शिकवतानाच्या पायऱ्या, कोल्हापुरातल्या वर्गातून

मधल्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी ओले हात फ्रॉकला पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मी जेवलो." मी तेव्हा नोकरीत नवीन होते. लगेच म्हटलं, "जेवलो नव्हे, जेवले म्हणावं. तू मुलगी आहेस ना?" मागं उभी असलेली दोन पोरं फिसकन हसली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी वही विसरलो." मी परत तिला थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर तिनं माझ्याशी बोलणंच बंद केलं. काही विचारलं की नुसती मान हलवायची. आणि त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर हीच मुलगी मैत्रिणीला गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारत होती, "थांब की गं, मी आलो!"

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडं बायका-मुली 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतात. तिची आई तशीच बोलते, आजीही तशीच बोलते. पोरगी चुकलेलीच नव्हती. मी तिचं एक क्रियापद सुधारायला गेले आणि तिच्या घरादाराचं बोलणं चुकीचं ठरवून बसले. तिला परत बोलतं करायला मला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला.

तेव्हापासून मी मराठी आणि इंग्रजीचा तास वेगळ्या क्रमानं घेते. आधी पाठ्यपुस्तक आणि मग जमलं तर मुलांचं मन, हा क्रम मी उलटा केला. हा क्रम कुणालाही शिकता येतो, त्यासाठी अंगी फार गोड स्वभाव असावा लागत नाही. पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी, बालवाडीच्या ताईंसाठी आणि घरी मुलाला दुसरी भाषा शिकवू पाहणाऱ्या आईबापांसाठी तो इथं सविस्तर लिहिते.

भावना मध्ये कुठं येते

आधी थोडं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या नुसत्या युक्त्या वाटणार नाहीत.

मुलाला नव्या भाषेत एक साधा प्रश्न विचारला, तरी त्याला बरंच काही एकदम सांभाळावं लागतं. प्रश्न ध्यानात ठेवायचा, शब्द शोधायचा, तो वाक्यात योग्य जागी बसवायचा आणि अनोळखी उच्चारासाठी जीभ वळवायची. एका वेळी मनात धरून ठेवता येतं ते मुळात थोडंच. त्यात 'चुकलं तर हसतील' ही धास्ती शिरली की ती त्यातली बरीचशी जागा खाते. येणारा शब्दही मग ओठावर येत नाही. आपण म्हणतो, "अरे, काल तर येत होतं!" काल येतच होतं. आज भीती आडवी आली.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९८२ च्या पुस्तकात याला भावनिक गाळणी म्हटलं. ताण, संकोच आणि कंटाळा वाढला की गाळणी तुंबते. कानावर भाषा पडत राहते, आत काही झिरपत नाही. क्रॅशनच्या इतर मांडणीवर पुढं पुष्कळ वाद झाले, पण वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला ही गाळणी ओळखीची वाटेल.

माझ्या मनात घर करून राहिलेला प्रयोग पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००३ चा. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती बसून खेळत, वाचून दाखवत होती. काहींना त्याच व्यक्तीचं चित्रीकरण दाखवलं, काहींना फक्त आवाज ऐकवला. चिनीतले ध्वनी ओळखायला शिकली ती फक्त समोर माणूस असलेली बाळं. पडद्यावरून जवळजवळ काहीच शिकणं झालं नाही. मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून देणाऱ्या पालकांना मी हे दरवर्षी पहिल्या सभेत सांगते. लेकराला भाषा माणसाकडून येते, आणि आपल्याकडं बघणाऱ्या माणसाकडून येते.

पहिली पायरी : आठवडाभर काही न शिकवता बघा

जूनचा पहिला आठवडा मी पुस्तक उघडत नाही. वरिष्ठांना आधी सांगून ठेवते. या आठवड्यात एक छोटी वही हाताशी असते. कोण कुणाशी बोलतं, कोण कुठल्या भाषेत भांडतं, माझ्याकडं बघून कोण नजर चुकवतं, पाणी प्यायला जायचं तरी कुणाला विचारायची भीती वाटते, एवढंच त्यात लिहायचं. रोज पाच-सहा मुलंच निवडायची. चाळीस मुलांकडं एकदम बघायला गेलं की कुणीच दिसत नाही.

घाबरलेलं मूल नेहमी रडतं असं नाही. काही जण सतत पेन्सिलीला टोक करत बसतात. काहींना इंग्रजीच्या तासालाच पोटात दुखतं. काही पोरं मुद्दाम विदूषकपणा करतात, कारण चुकल्यावर हसं होण्यापेक्षा आपणच हसवलेलं त्यांना बरं वाटतं. ही पोरं ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती उनाड वाटतात.

याच आठवड्यात आपल्याही सवयी तपासायच्या. 'ढ', 'मठ्ठ', 'तुला साधं एवढं येत नाही?' असले शब्द तोंडातून जातात का? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या तोंडातून मुलानं नवी भाषा उचलायची त्याच तोंडाची त्याला धास्ती असेल, तर पुढची एकही पायरी चढता येत नाही.

दुसरी पायरी : घरची बोली वर्गात घ्या

कोल्हापूरचा वर्ग म्हणजे एकच मराठी असं समजू नका. पेठेतल्या पोराची मराठी वेगळी, राधानगरी-भुदरगडकडून आलेल्याची वेगळी. शिरोळ-गडहिंग्लजकडच्या कित्येक घरांत आजी कानडी बोलते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, फौंड्रीत कामाला आलेल्यांची मुलं हिंदी, भोजपुरी, उडिया बोलत येतात. इचलकरंजीला मागांवरच्या कामगारांची तीच गोष्ट. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची पोरं येतात आणि हंगाम संपला की जातात.

शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. पण एका वर्गात पाच घरच्या भाषा असतील तर शिक्षकानं काय करायचं? मी एवढंच करते : प्रत्येक बोलीला वर्गात उघडपणे जागा देते.

एक खेळ आहे, त्याला आम्ही 'घरची ताई, पुस्तकातली ताई' म्हणतो. फळ्यावर दोन मुली काढायच्या. घरची ताई म्हणते, "मी जेवलो." पुस्तकातली ताई म्हणते, "मी जेवले." घरची ताई म्हणते, "लई भूक लागलीया," पुस्तकातली म्हणते, "खूप भूक लागली आहे." पोरं आलटून पालटून दोघींचं बोलतात. दोघीही बरोबर, दोघींची ठिकाणं वेगळी. आजीला फोन केला तर कोण बोलेल? पत्र लिहायचं तर कोण लिहील? दोन-तीन आठवड्यांत मुलांना आपोआप कळतं, की शाळेचं लिहिताना पुस्तकातल्या ताईला बोलवायचं. मला पहिल्या वर्षी तीन वेळा टोकून जे जमलं नाही, ते या खेळात कुणाचाही पाणउतारा न करता जमतं. फाटकाबाहेर "मी आलो" ओरडणारी ती मुलगी याच खेळात परत बोलायला लागली. घरच्या ताईचा आवाज तिच्याइतका ठसक्यात कुणालाच काढता येत नव्हता.

इतर भाषांसाठी रोज एक शब्द मागायचा. "तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?" कानडीत 'नीरु', उडियात 'पाणि'. फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं. एरवी गप्प असणारं पोर त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होतं. त्याचं तोंड बघा.

तिसरी पायरी : गप्प राहायची मुभा द्या

नव्या भाषेत पडलेलं मूल बऱ्याचदा काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाही. ऐकत असतं. आपल्याला वाटतं काही येत नाही, म्हणून आपण त्याला उभं करून बोलायला लावतो. तिथंच घोडं पेंड खातं.

एका वर्षी दुसरीत एक मुलगा आला. वडील फौंड्रीत, घरी उडिया, हिंदी तोडकीमोडकी. पहिले चार आठवडे एक शब्द नाही. मी त्याला बोलायला लावलं नाही, कामं दिली. खडू आण, खिडकी उघड, लाल वही मधल्या रांगेला दे, दोनदा टाळी वाजव. सूचना मराठीत, पहिल्यांदा हातवारे करून, मग हळूहळू हातवारे कमी करत. अंगानं उत्तर देऊन भाषा शिकायची ही रीत जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं मांडली आणि लहान मुलांना ती फार मानवते, कारण हालचाल करणाऱ्याला कुणी हसत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी हात न हलवता म्हटलं, "कपाटावरची निळी पेटी नको, हिरवी आण." त्यानं हिरवी आणली. म्हणजे 'नको' कळलं होतं, रंग कळले होते, 'कपाटावरची' कळलं होतं. तोंड बंद, पण आत भाषा साठत होती.

पाचव्या आठवड्यात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला. आम्ही वर्गात मातीचे बैल केले. ह्यानं केलेल्या बैलाचं एक शिंग सुकताना मोडलं होतं, तरी बैल झकास होता. शेजारच्या पोरानं तो उचलला आणि आपला म्हणून टेबलावर ठेवला. हा उठला, ताडताड चालत गेला, बैल हातात घेतला आणि म्हणाला, "माझा बैल हाय!"

वर्गात सगळे गप्प. मग एकानं ओरडून सांगितलं, "मॅडम, ह्यो बोलला!"

त्याचं पहिलं मराठी वाक्य पुस्तकातलं नव्हतं. 'हाय' हे त्यानं मैदानावर पोरांकडून उचललेलं, आणि ते बाहेर आलं रागानं, मायेनं, स्वतःच्या हातच्या बैलासाठी. मी जवळ बसले आणि म्हटलं, "व्हय, तुझाच बैल हाय. शिंग मोडलं व्हय रे त्याचं?" तो म्हणाला, "मोडलं." त्या दिवशी एवढंच. पुढच्या सोमवारी तो न विचारता म्हणाला, "मॅडम, पाणी पिऊ?"

यातून मी तीन नियम धरले. गप्प मुलाला कृतीतून उत्तर देता येईल असं काहीतरी रोज द्यायचं. पहिलं वाक्य आलं की ते सुधारायचं नाही, त्यातल्या मजकुराला उत्तर द्यायचं. आणि मुलाला ज्याच्याबद्दल खरोखर काही वाटतं अशी वस्तू वर्गात असायला हवी. फळ्यावरच्या 'सफरचंदा'साठी कोण भांडेल?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मूल घरी त्याच्या भाषेत भरपूर बोलतं का, हे आईला विचारा. घरीही बोलणं फार कमी असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, शब्द फार अस्पष्ट असतील किंवा बोलताना खूप अडखळत असेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं घेऊन जायला पालकांना सांगा, शक्य असेल तर सोबत जा. ऐकू कमी येणारं मूल वर्षानुवर्षं 'लाजाळू' म्हणून मागच्या बाकावर बसलेलं मी पाहिलं आहे.

चौथी पायरी : भावनांचे शब्द आधी शिकवा

आपल्या पुस्तकांत पहिल्यांदा फळं, भाज्या, रंग, प्राणी येतात. मी आधी मनाचे शब्द घेते, कारण मुलाला दिवसातून दहा वेळा त्यांचीच गरज लागते.

मराठी याबाबतीत फार श्रीमंत आहे. रागावणं वेगळं, चिडणं वेगळं आणि रुसणं तर अगदीच वेगळं. रुसायला समजूत काढणारं माणूस लागतं. हिरमुसणं, ओशाळणं, धसका घेणं, हुरहुर लागणं, कसंतरी होणं. आमच्या पोरांचं "लई भ्या वाटतंय" सुद्धा. रोज सकाळी हजेरी घेताना 'हजर' ऐवजी एक शब्द सांगायचा : "आनंद", "झोप", "रुसलोय", "धाकधूक". ज्याला सांगायचं नसेल त्यानं 'हजर' म्हणावं, कुणी कारण विचारायचं नाही. हजेरीला दोन मिनिटं जास्त लागतात, पण आज कुणाला प्रश्न विचारायचा आणि कुणाला सोडायचं, हे मला तास सुरू व्हायच्या आधी कळतं.

इंग्रजीकडं जाताना इथं एक खाचखळगा आहे, तो शिक्षकानं नीट ओळखायला हवा. मराठीत भावना आपल्याकडं येते : मला राग आला, मला भीती वाटते, मला लाज वाटते. इंग्रजीत माणूसच तसा असतो : आय ॲम अँग्री, आय ॲम अफ्रेड. म्हणून आपली पोरं "माय अँगर इज कमिंग" म्हणतात. ती चूक आळसातून आलेली नाही. मूल आपल्या भाषेच्या पक्क्या पायावर उभं राहून बोलतं आहे. व्याकरण समजावत बसू नका. चेहरा आणि अंगविक्षेप यांच्यासकट अख्खं वाक्य द्या. भुवया आवळून, मुठी वळून "आय ॲम अँग्री". खांदे आक्रसून "आय ॲम अफ्रेड". तुकडा तसाच अंगात मुरतो.

मराठी शिकणाऱ्या हिंदी-कानडी मुलांची गोष्ट याच्या उलट आहे. हिंदीत 'मुझे डर लगता है', कानडीत 'ननगे भय आगुत्तदे', म्हणजे तिथंही भीती माणसाला 'होते', 'वाटते'. 'मला भीती वाटते' हे त्यांना चटकन जमतं. म्हणून मराठी नवीन असलेल्या मुलाशी पहिली वाक्यं याच घडणीची बोलते : तुला भूक लागली? तुला थंडी वाजते? तुला आवडलं?

दुसऱ्या भाषेला ऊब कशी द्यायची, हाही प्रश्न आहे. मातृभाषा तुर्की असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या प्रौढांवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी आई रागावताना वापरते तसली वाक्यं दोन्ही भाषांत ऐकवली, तेव्हा तुर्की वाक्यांना त्यांच्या अंगाची, म्हणजे त्वचेवर मोजता येणारी प्रतिक्रिया जास्त तीव्र आली. पहिल्या भाषेला आपल्या आयुष्यातले प्रसंग चिकटलेले असतात. दुसरी भाषा कोरडी राहते, कारण तिच्यात आपल्याला कुणी कुशीत घेतलेलं नसतं. म्हणून मी ठरवून काही मायेचे प्रसंग इंग्रजीला देते. पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर फुंकर घालताना "लेट मी सी, लेट मी सी". वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून एकेक चांगलं वाक्य. आजारी पडून परत आलेल्याला "वुई मिस्ड यू". सूचना मात्र मराठीत. बऱ्याच वर्गांत याच्या नेमकं उलट चालतं : माया मराठीत आणि "सिट डाऊन, कीप क्वाएट, फिंगर ऑन लिप्स" इंग्रजीत. मग मुलाच्या लेखी इंग्रजी ही दटावणीची भाषा होते.

पाचवी पायरी : एक गोष्ट, चार दिवस

एकच ठळक भावना असलेली गोष्ट घ्या. मी स्वतःच रचलेली एक वापरते : पन्हाळ्याच्या धुक्यात आईपासून चुकलेलं कोकरू. पहिल्या दिवशी पूर्ण मराठीत, पुस्तक न धरता, मुलांच्या डोळ्यांत बघत. कोकरू तीन दरवाजाशी येतं, कुणी दिसत नाही, ते हाक मारतं. तिथंच थांबायचं. "आता त्याला काय वाटत असंल?" पोरं काय-काय सांगतात! एक जण म्हणाला, "त्याला वाटत असंल, आई रुसून गेली." हे कुठल्या शब्दसंग्रहात मिळतं?

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत, पण कोकराच्या तोंडी एकच इंग्रजी वाक्य : "मदर, व्हेअर आर यू?" ते सहा-सात वेळा येतं, दर वेळी वेगळ्या आवाजात. आधी खुशीत, मग धास्तावून, मग रडकुंडीला येऊन. मुलं आपोआप सोबत म्हणतात. तिसऱ्या दिवशी भूमिका वाटायच्या, आईच्या वाट्याला "आय ॲम हिअर!" द्यायचं. चौथ्या दिवशी जवळपास सगळी गोष्ट सोप्या इंग्रजीत, हातवाऱ्यांसह. गोष्ट ओळखीची आहे, भावना ओळखीची आहे, नवीन आहे ते फक्त शब्दांचं कवच. नवी गोष्ट नव्या भाषेत एकदम दिली की दोन्ही डोक्यावरून जातात.

ज्या पोराला कोकरू व्हायचं नसेल त्याला धुकं करा. पांढरी ओढणी धरून तो सगळ्यांच्या मधून फिरतो आणि सगळी वाक्यं अगदी जवळून ऐकतो.

सहावी पायरी : चूक कशी आणि कधी सुधारायची

भावना जपायच्या म्हणजे चुका सोडून द्यायच्या असं काही जण समजतात. मला ते पटत नाही. चुका न सुधारलेलं मूल पाचवीत उघडं पडतं आणि तेव्हा त्याचा आत्मविश्वास जास्त दुखावतो. प्रश्न फक्त रीतीचा आहे.

मूल म्हणालं, "येस्टरडे आय गो रंकाळा." आपण हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचं, "ओ, यू वेंट टू रंकाळा! हू वेंट विथ यू?" बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढं गेलं. बुजऱ्या मुलासाठी ही रीत उत्तम. पण तिची एक मर्यादा आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शिक्षक हीच रीत सगळ्यात जास्त वापरत होते, आणि मुलं आपली चूक स्वतः सुधारण्याचं प्रमाण मात्र तिच्यामुळं वाढत नव्हतं. मुलाला वाटतं, मॅडम नुसतं हो म्हणाल्या. स्वतःहून सुधारणा व्हायची तर मुलाला इशारा द्यावा लागतो : "परत एकदा सांग बघू?" किंवा "येस्टरडे आय…" एवढं म्हणून थांबायचं.

म्हणून मी मुलाप्रमाणे रीत बदलते. नुकतंच बोलायला लागलेल्याला फक्त बरोबर वाक्य परत ऐकवते. सरावलेल्याला इशारा देते. धीट मुलाला सरळ सांगते, "गो चुकलं, विचार कर." आणि एका बैठकीत एकच प्रकारची चूक धरते. भूतकाळ धरला असेल तर त्या दिवशी उच्चार सोडून देते. मूल मनापासून काही सांगत असेल, आजोबा दवाखान्यात आहेत असं काहीतरी, तर काहीच धरत नाही.

इशारा दिल्यावर थांबायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मी पाठीमागं हात धरून बोटं मोजते. दुसऱ्या भाषेसाठी पाचापर्यंत.

हसणाऱ्या मुलांचं काय? पहिल्याच आठवड्यात एकच नियम ठेवायचा आणि तो न चुकता पाळायचा : बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं. हसलेल्याला सगळ्यांपुढं झापू नका. नाहीतर एकाची भीती काढून दुसऱ्याला दिली, असं होतं. तास संपल्यावर बाजूला घेऊन बोला.

स्पर्धेबद्दलही सांगते. आमचं गाव तालमींचं, पेठापेठांच्या फुटबॉलचं. चुरस पोरांच्या रक्तात आहे आणि मला ती आवडते. पण चुकला की बाद असले खेळ भाषेच्या तासाला घेऊ नका. ज्याला बोलायची गरज सगळ्यात जास्त, तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून उभा राहतो. गट करा, गुण गटाला द्या, कुणी बाद नाही.

थोडीशी धाकधूक मात्र राहू द्या. जाँ-मार्क देवाएल आणि पीटर मॅकिंटायर यांनी २०१४ मध्ये मांडलं, की भाषा शिकताना आनंद आणि चिंता ही एकाच काट्याची दोन टोकं नव्हेत, दोन्ही एकत्र नांदू शकतात. चार वेळा तालीम केलेलं नाटुकलं सादर करताना पोरांची छाती धडधडते आणि नंतर ती आठवडाभर तेच बोलतात. तयारी करून घेतलेल्या मुलाची धडधड वेगळी, अचानक उभं केलेल्याची वेगळी.

वाचन आणि लेखन

इथं थोडक्यात सांगते. मोठ्यानं एकट्याला वाचायला लावण्याआधी सगळ्यांसोबत, मग जोडीनं, मग एकट्यानं. आदल्या दिवशी सांगून ठेवा : "उद्या ह्या चार ओळी तू वाचणार." लिहिताना पहिला मसुदा लाल शाईनं रंगवू नका. मजकुराबद्दल एक वाक्य लिहा, मग दोनच दुरुस्त्या. वहीभर लाल रेघा बघून मूल पुढच्या वेळी फक्त येणारेच शब्द लिहितं, वाक्यं छोटी होत जातात आणि आपल्याला वाटतं चुका कमी झाल्या.

घरी काय करायचं

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तेव्हापासून पालक मला एकच विचारतात : "घरात इंग्रजीच बोलू का?" ज्या आईला इंग्रजीत मुलाची समजूत काढता येते, भांडता येतं, गंमत सांगता येते, तिनं खुशाल बोलावं. पण बहुतेक घरांत होतं असं, की "ईट फास्ट", "वॉश हँड्स", "डोंट टच" एवढंच इंग्रजी उरतं आणि गप्पा बंद पडतात. मुलाच्या वाट्याला ना इंग्रजी येतं ना मराठी. तुमच्या भाषेत भरपूर बोला. गंगावेशीत दूध प्यायला नेलंत तर म्हशीबद्दल बोला, ज्योतिबाला गेलात तर गुलालाबद्दल, चैत्रातल्या सासनकाठ्यांबद्दल बोला. ज्याला एका भाषेत खूप काही सांगायची सवय लागली, त्याला दुसऱ्या भाषेतही सांगावंसं वाटतं.

आणि पाहुण्यांपुढं "अंकलना पोएम म्हणून दाखव" हे कृपा करून थांबवा. मुलानं आपणहून म्हटली तर ऐका.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा कित्येक घरांत शाळेचं तोंड पाहिलेलं कुणी नव्हतं. शाळेची भाषा घरी नसलेली पोरं आजही येतात, फक्त गावं बदलली. याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलाच्या आनंदाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं. आम्हा शिक्षकांना दूर कुठं बघायची गरज नाही.

प्रगती कशी बघायची, आणि सुरुवात

चाचणीच्या गुणांशिवाय मी एकच नोंद ठेवते : या आठवड्यात हे मूल न विचारता किती वेळा बोललं. शून्य, एक-दोन, किंवा पुष्कळ. महिन्याच्या शेवटी ज्यांच्यापुढं शून्यच आहे, त्यांच्यासाठी पुढच्या महिन्याचं नियोजन. गुण यायला वेळ लागतो, हा आकडा आधी हलतो.

कुणाला या सोमवारपासून सुरुवात करायची असेल तर मधल्या सुट्टीत मुलांबरोबर खाली जमिनीवर बसा आणि विचारा, "आज डब्यात काय आणलंय?" कुठल्याही भाषेत, कुठल्याही बोलीत उत्तर चालेल. काही सुधारू नका. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं वहीत लिहून ठेवा, आणि मंगळवारी त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी बसून डबा खा.